मेणवलीचा वाडा : एका दिवसाच्या प्रवासाचा ताळेबंद

दुचाकीपासून अवजड मालमोटारीपर्यंत नाना प्रकारची वाहने पिंपरी, आकुर्डी आणि चाकणच्या कारखान्यांतून तयार होऊन देशभर जातात. तरीही याच पट्ट्यातील अनेक व्यापारी घरांत ज्येष्ठ मंडळींना कोठे जावयाचे असले, की गाडी मोकळी होण्याची वाट पाहावी लागते. गाडी सकाळीच चाकणला गिऱ्हाइकाकडे गेलेली असते. रविवारी ती लग्नकार्याला लागते. "पुढच्या आठवड्यात नक्की जाऊ," असे मुले मनापासून म्हणतात आणि तो आठवडा येत नाही.

चिंचवड गावठाणातील एका जुन्या व्यापारी घरातील आजोबा-आजींचेही असेच चालले होते. आजोबांचे वय शहात्तर, आजींचे सत्तर. घरचे धान्याचे दुकान आता नव्या इमारतीत गेले होते आणि हिशेब संगणकावर. जुन्या दुकानाच्या माळ्यावरून उतरवलेल्या वह्यांची सात पोती जिन्याखाली पडून होती. आजोबांनी स्वतः चाळीस वर्षे लिहिलेल्या वह्या त्यांत होत्या आणि त्यांच्या वडिलांनी मोडीत लिहिलेल्याही होत्या. जागा अडते म्हणून ती पोती रद्दीत द्यावीत, असे मुलाने दोनदा सुचवले होते. आजोबा "बघू" एवढेच म्हणत. कर आणि कायद्याच्या दृष्टीने त्या कागदांची मुदत केव्हाच संपलेली होती, त्यामुळे मुलाला उत्तर देण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते.

अशा दिवसांत, फेब्रुवारीतील एका मंगळवारी, दोघांनी गाडीची वाट न पाहता मेणवलीला जाऊन येण्याचे ठरवले. वाईजवळ कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा आहे, तो पाहावा, अशी आजोबांची अनेक वर्षांची इच्छा होती. आजींची अट एकच होती : सूर्यास्तापूर्वी घरी येऊन जेवण झाले पाहिजे. मंगळवार निवडण्याचे कारणही व्यवहारी होते. शनिवार-रविवारी महाबळेश्वरकडे जाणाऱ्यांची गर्दी सातारा रस्त्यावर आणि गाड्यांमध्येही फार असते.

मेणवलीच्या प्रवासाचे तीन टप्पे पडतात : घरापासून स्वारगेट, स्वारगेटहून वाई आणि वाईहून मेणवली. पहिला टप्पा पूर्वी सर्वांत त्रासाचा होता. आता तो सर्वांत सोपा झाला आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ते फुगेवाडी हा मेट्रोचा भाग ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये गाडी दिवाणी न्यायालयापर्यंत गेली आणि सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग खुला झाला. निगडी-चिंचवडकरांनी महापालिकेसमोरील स्थानकावर यावे. चाकण, मोशी आणि भोसरीकडील मंडळींना पीएमपीच्या बसने नाशिक फाट्यापर्यंत येऊन तेथील स्थानकावर मेट्रो धरता येते. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. सुमारे पाऊण तासात माणूस स्वारगेटला पोहोचतो. स्थानकांवर उद्वाहन आणि सरकते जिने असल्याने गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांचीही अडचण होत नाही.

या मेट्रोच्या वाटेत नानांच्या पुण्याचा संबंध नकळत येतो. दिवाणी न्यायालयाचे स्थानक जमिनीखाली सुमारे तेहतीस मीटर खोल आहे. तेथून गाडी मुठा नदीच्या तळाखालून कसबा पेठेत शिरते. वर, स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, शनिवारवाडा आहे. नानांचे आयुष्य ज्या फडात गेले तो पेशव्यांचा फड तेथलाच, आणि नानांचा पुण्यातील वाडाही तेथून जवळच, बुधवार पेठेत आहे.

दुसरा टप्पा एस. टी. चा. स्वारगेटच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडले की बसस्थानक जवळच आहे. वाईच्या गाड्या येथून सुटतात. पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्याही वाईवरून जातात. साताऱ्याच्या गाड्या मात्र महामार्गाने सरळ जातात. त्या गाडीत बसल्यास सुरूर फाट्यावर उतरून वाईसाठी दुसरे वाहन पाहावे लागते. ज्येष्ठांनी हा घोळ टाळावा आणि पाटीवर 'वाई' वाचूनच गाडीत चढावे. गाड्यांच्या वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करणे चांगले. पिंपरीच्या वल्लभनगर स्थानकावरही विचारून ठेवावे. तेथून सोयीची गाडी मिळाल्यास स्वारगेटची अदलाबदल वाचेल.

आपल्या समाजातील अनेकांनी वर्षानुवर्षे एस. टी. त पाऊल टाकलेले नाही, म्हणून सवलतींची माहिती येथे देणे योग्य ठरेल. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना राज्यात एस. टी. चा प्रवास विनामूल्य आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या नागरिकांना अर्धे भाडे पडते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना, वय कोणतेही असो, अर्ध्या भाड्याची सवलत मिळते. वयाची सवलत घेण्यासाठी आधार किंवा तत्सम ओळखपत्र जवळ असावे.

वाहकाने आजोबांचे आधार पाहिले आणि यंत्रातून शून्य रुपयांचे तिकीट काढून दिले. आजींचे अर्धे तिकीट झाले. आजोबांनी दोन्ही तिकिटे नीट वाचली. ज्या व्यवहारात पैसा गेला नाही त्याचीही नोंद होते, हे त्यांना फार आवडले. तिकिटे घडी करून त्यांनी वरच्या खिशात ठेवली.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर पहिली एस. टी. धावली. त्यानंतर गावोगावच्या बाजारांना हिने बांधून ठेवले. पुण्याहून माल घेऊन एस. टी. च्या टपावर पोती टाकून परतणारे दुकानदार जुन्या पिढीला आठवत असतील. आजोबाही त्यांपैकीच होते. खिडकीशी बसल्यावर त्यांना कात्रजच्या चढणीपासून प्रत्येक वळण ओळखीचे वाटू लागले.

कात्रजच्या पुढे खेड शिवापूर, नसरापूर फाटा आणि मग शिरवळजवळ नीरा नदी येते. नीरेच्या पुलावर पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्हा सुरू होतो. त्यापुढचे खंडाळा हे साताऱ्याचे. लोणावळ्याशेजारचे खंडाळा नव्हे. चिंचवडच्या माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो. मग खंबाटकीचा घाट लागतो. घाट उतरून सुरूरला आले, की गाडी महामार्ग सोडून उजवीकडे वळते. उसाची शेते दिसू लागतात, मागे डोंगरांची रांग उभी राहते आणि थोड्या वेळात वाई येते. स्वारगेटपासून अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. दोन ते अडीच तास लागतात.

तिसरा टप्पा लहान, परंतु विचारपूस करण्याचा. मेणवली वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या वरच्या अंगाला आहे. त्या बाजूला जाणाऱ्या एस. टी. गाड्या मोजक्या असतात. त्यांची वेळ वाई स्थानकाच्या चौकशी खिडकीवर विचारावी. वेळ जुळत नसेल तर रिक्षा मिळते. रिक्षा करताना येण्याजाण्याचे आणि थांबण्याचे पैसे आधी ठरवून घ्यावेत. चालण्याची सवय असणाऱ्यांना थंडीच्या दिवसांत ही वाट पायीही सुखाची आहे.

आजोबा-आजी दहाच्या सुमारास रिक्षाने मेणवलीला पोहोचले.

वाडा बाहेरून राजवाड्यासारखा दिसत नाही. उंच भिंती, भक्कम दरवाजा आणि आत एकामागून एक असे चौक. सहा चौकांचा हा विस्तार आहे. १७६८ च्या डिसेंबरात औंधचे भवानराव त्रिंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नानांना दिले. नानांनी गाव वसवले, वाडा बांधला, कृष्णेला घाट बांधला आणि घाटावर विष्णूचे व मेणेश्वराचे अशी दोन देवळे उभारली. पुण्यात ज्याच्या शब्दावर राज्य चालत असे, त्याने स्वतःसाठी बांधलेल्या या घरात लाकूडकाम आणि भित्तिचित्रे सुंदर आहेत. परंतु एकंदर बांधणीत दिमाखापेक्षा बंदोबस्त अधिक आहे.

वाडा नानांच्या वारसांच्या, मेणवलीकरांच्या, खाजगी मालकीचा आहे. त्यामुळे तो सरकारी संग्रहालयाप्रमाणे ठराविक वेळेला उघडा मिळेलच, असे गृहीत धरू नये. सांगतील ते शुल्क द्यावे, अडवतील तेथे थांबावे, भिंतींना हात लावू नये. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे हे गाव अनेकांच्या ओळखीचे झाले आहे. 'स्वदेस' या २००४ च्या चित्रपटातील गाव ते हेच, एवढी माहिती आजींना नातीकडून मिळालेली होती.

वाड्याच्या मागे उतरले की घाट आहे. अर्धचंद्राच्या आकाराच्या दगडी पायऱ्या कृष्णेच्या पाण्यापर्यंत गेल्या आहेत. मेणेश्वराजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आणि १७०७ हे वर्ष आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतून ही घंटा आली. अशा घंटा महाराष्ट्रात आणखीही काही देवळांत आहेत. चाकण-राजगुरुनगरवरून भीमाशंकरला जाणाऱ्यांनी तेथील घंटा पाहिली असेलच. एका धर्माच्या प्रार्थनेसाठी ओतलेली घंटा दुसऱ्या धर्माच्या देवळात अडीचशेहून अधिक वर्षे सांभाळली गेली आणि तिच्यावरची मूळची आकृती कोणी घासून टाकली नाही, ही गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे.

आजी पायरीवर बसल्या. आजोबा मात्र वाड्यात पुन्हा एकदा जाऊन आले. ते काय शोधत होते, हे समजण्यासाठी या घराच्या धन्याचे काम काय होते ते पाहिले पाहिजे.

'फडणीस' हा शब्द 'फर्द-नवीस' या फारसी शब्दावरून आला. फर्द म्हणजे नोंदीचा कागद, यादी; नवीस म्हणजे लिहिणारा. राज्याचा जमाखर्च ठेवणे, सनदा आणि खर्चाचे हुकूम तपासणे, देण्याघेण्याच्या नोंदी जुळवणे, हे फडणिसाचे काम. भानू घराण्याकडे हे पद नानांच्या आजोबांपासून चालत आले. नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याचा. अठराव्या वर्षी ते पानिपतावर होते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी ते वाचले, परंतु बरोबर आलेली आई तेथेच हरपली. आपल्या तरुणपणाची हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, तीत हे सर्व आले आहे.

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा सवाई माधवरावांच्या नावाने राज्य सांभाळणाऱ्या बारभाईंमध्ये नाना पुढे आले. १७८२ चा सालबाईचा तह, १७९५ ची खर्ड्याची लढाई, या सर्व काळात ते कारभाराच्या मध्यभागी होते. त्यांच्या राजकारणावर आणि खाजगी आयुष्यावर टीकाही पुष्कळ झाली आहे. परंतु ते तलवारबहाद्दर नव्हते आणि तरीही पंचवीस वर्षे मोठमोठ्या सरदारांना त्यांना विचारावे लागे, याचे एक कारण त्यांच्या कागदांत होते. कोणाकडे किती बाकी, कोणाला कोणते वचन, कोणत्या सनदेत काय लिहिले आहे, हे त्यांच्या दप्तरात सापडत असे. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द पेशव्यांच्या फडातही होते आणि चिंचवडच्या दुकानातही होते.

१३ मार्च १८०० रोजी नाना वारले. पत्नी जिऊबाई तेव्हा अजून बालवयात होती. दुसऱ्या बाजीरावाचा या घरावर रोष होता. जिऊबाईला आसरा मिळाला तो लोहगडावर. हा गड पिंपरी-चिंचवडकरांच्या अगदी शेजारचा. लोणावळा लोकलने मळवलीला उतरून तेथे जाता येते. नानांनी आपले धन या गडावर ठेवले होते. त्यांच्या काळातील सोळा कोनांचे तळे अजून तेथे आहे. नानांचा विश्वासू धोंडोपंत गड धरून बसला होता. १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने मध्यस्थी केली आणि जिऊबाईला वर्षाला बारा हजार रुपयांचे वेतन ठरून ती पनवेलला गेली. पुढे मेणवली तिच्याकडे परत आली आणि तिने दत्तक घेतलेल्या मुलाकडून घराणे चालू राहिले.

या सर्व उलथापालथीत धन गेले, सत्ता गेली, पुढे पेशवाईही गेली. मेणवलीच्या वाड्यात राहिले ते कागद. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी ते मिळवले. 'मेणवली दप्तर' या नावाने ते अभ्यासकांना परिचित झाले. पारसनीसांचा संग्रह आधी साताऱ्याच्या संग्रहालयात होता. १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आला. आज मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला या कागदांवाचून पुढे जाता येत नाही.

आजोबा वाड्यात शोधत होते ती ही दप्तराची जागा. दप्तर आता तेथे नाही, हे त्यांना वाचून ठाऊक होते. तरीही शंभर वर्षांहून अधिक काळ कागद कोठल्या कोरड्या खोलीत राहिले असतील, त्यांना वाळवी कशी लागली नसेल, याचा अंदाज ते घेत होते. घाटावर परत आल्यावर आजींनी विचारले, "अहो, एवढं काय बघत होता?"

"जागा किती लागते ते," आजोबा म्हणाले.

आजींनी पुढे काही विचारले नाही. जिन्याखालची सात पोती त्यांनाही ठाऊक होती.

साडेबाराला दोघे वाईला परतले. वाईत ढोल्या गणपतीचे देऊळ नदीकाठीच आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचे पाणी तिच्यावर दुभंगते आणि देवळाला धक्का लागत नाही, असा तिचा उपयोग. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली याच गावात चालले. नदीकाठी सावलीत बसून दोघांनी घरून आणलेले ठेपले आणि खाकरे खाल्ले. पाणी घरचेच, उकळून गार केलेले होते. दोन वाजताच्या सुमारास गाडी मिळाली. घाटाऐवजी बोगद्यातून येणारी परतीची वाट जरा लवकर सरते. साडेचारला स्वारगेट, सव्वापाचला पिंपरी. तेथून रिक्षाने घरी पोहोचले तेव्हा साडेपाच झाले होते. सूर्यास्ताला अजून तासभर अवकाश होता. आजींची अट पाळली गेली.

मेणवलीला जाणाऱ्या ज्येष्ठांनी यावरून वेळेचा अंदाज बांधावा. वाईहून तीननंतर निघाल्यास स्वारगेटला संध्याकाळची गर्दी गाठते आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण साधत नाही. पावसाळ्यात कृष्णेला पाणी असते आणि पायऱ्या निसरड्या होतात; घाटावर उतरण्याचा मोह त्या दिवसांत टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

जेवण झाल्यावर आजोबांनी एक वही काढली आणि दिवसाचा खर्च लिहिला : मेट्रो, एस. टी., दोन रिक्षा, वाड्याचे शुल्क. स्वतःच्या एस. टी. तिकिटासमोर त्यांनी शून्य लिहिले. मग मुलाला बोलावून म्हणाले, "पोती आता रद्दीत द्यायची नाहीत. वरच्या खोलीतलं लाकडी कपाट मला लागेल."

मुलाने विचारले, "बाबा, पण त्या वाचणार कोण?"

प्रश्न रास्त होता. आजोबांना स्वतःलाही वडिलांची मोडी पुरती लागत नव्हती. ते म्हणाले, "माझ्या वह्या मी वाचीन आणि तुला सांगेन. मोडीतल्या वाचणारे पुण्यात आहेत. मेट्रोने पाऊण तास लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले पोते उघडले गेले. चार वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. बाकीच्या शाबूत होत्या. आजोबांनी त्यांवर फडके फिरवले, वर्षे लावली आणि त्या कपाटात उभ्या केल्या. सात पोत्यांना कपाटाचे तीन खण पुरले.